पहिला आकडा हवामानाचा, दुसरा इंजिनाचा: ऑईलची ग्रेड कशी निवडावी

घरातल्या फ्रीजरचे तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सियस असते, आणि इंजिन ऑईलच्या दाटपणाविषयी मला जे काही नीट समजले त्याची सुरुवात त्या फ्रीजरपासूनच झाली. दोन लहान पारदर्शक बाटल्या घेऊन एकीत मी ०डब्ल्यू-२० आणि दुसरीत २०डब्ल्यू-५० ग्रेडचे ऑईल भरले, वर थोडी हवा राहू दिली, बुचे घट्ट लावली आणि दोन्ही बाटल्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. आदल्या दिवशी खोलीच्या तापमानाला त्याच बाटल्या उलट्या केल्या होत्या तेव्हा दोन्हींतले हवेचे बुडबुडे झटकन वर गेले होते. फरक होता, पण थोडा. सकाळी थंडगार बाटल्या एकाच वेळी उलट्या केल्या तेव्हा ०डब्ल्यू-२० मधला बुडबुडा तीन-चार सेकंदांत वर पोहोचला. २०डब्ल्यू-५० मधला मात्र चपटा होऊन काचेला चिकटल्यासारखा हळूहळू सरकत राहिला आणि अर्धे मिनिट उलटून गेले तरी तो वाटेतच होता. इंजिन सुरू होते त्या क्षणी तेलपंपाला हेच ऑईल संपमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतून, वर खेचायचे असते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर डब्यावरच्या आकड्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

त्या आकड्यांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो आधी दूर करणे गरजेचे आहे. ५डब्ल्यू-३० म्हणजे थंडीत पाच इतके पातळ आणि गरम झाल्यावर तीस इतके दाट होणारे ऑईल, असे अनेकजण मनापासून मानतात. वास्तविक कोणतेही इंजिन ऑईल तापल्यावर पातळच होते, त्याला अपवाद नाही. ५डब्ल्यू-३० या ग्रेडच्या एखाद्या सर्वसाधारण ऑईलचा दाटपणा ४० अंशांना साठ ते सत्तर सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो, तर १०० अंशांना तो दहा-अकरापर्यंत खाली येतो, म्हणजे सुमारे सहा पटींनी घटतो. दोन आकडे एकाच मोजपट्टीवरचे नाहीत. ते दोन वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात ऑईल किती हलते हे सांगतो, आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट उरते हे सांगतो.

अमेरिकेतील एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने दाटपणाची पहिली वर्गवारी १९११ मध्ये केली. आज ज्या मानकानुसार ग्रेड ठरते त्याचे नाव एसएई जे३०० असे आहे. त्यातल्या थंडीच्या परीक्षा दोन आहेत. पहिलीत स्टार्टर मोटर इंजिन फिरवू शकेल इतके ऑईल सैल आहे का ते पाहतात, आणि दुसरीत पंप ते ऑईल ओढू शकेल का ते तपासतात. ०डब्ल्यू ऑईलची पहिली परीक्षा उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. पंपाची परीक्षा प्रत्येक ग्रेडसाठी आणखी पाच अंश खाली घेतली जाते. एवढे एक कोष्टक लक्षात असले की हवामानाचा निम्मा प्रश्न सुटतो.

पंपाची ही दुसरी परीक्षा इतकी कडक का आहे, त्यामागे एक घटना आहे. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स येथे पुष्कळ गाड्यांची इंजिने बिघडली. इंजिने सुरू झाली होती, म्हणजे स्टार्टरने आपले काम केले होते; पण ऑईल बेअरिंगांपर्यंत पोहोचलेच नव्हते. थंडी ज्या संथ गतीने वाढत गेली त्या गतीमुळे ऑईलमध्ये जेलसारखी रचना तयार झाली होती. पंपाने नळीच्या तोंडापाशी असलेले ऑईल ओढून घेतले, तेथे खड्डा पडला, आजूबाजूचे ऑईल त्या खड्ड्यात वाहत आले नाही आणि पंप हवा ओढू लागला. भरपूर ऑईल असलेल्या संपवर इंजिन कोरडे चालले. तेव्हाच्या प्रयोगशाळेतील चाचणीत ऑईल भराभर थंड केले जाई, त्यामुळे हा दोष तिच्यात दिसत नसे. आताच्या पंप-परीक्षेत ऑईल ४५ तासांहून अधिक काळ सावकाश थंड केले जाते, ते यासाठीच. ऑईल ओतताना किती पातळ दिसते यावरून ते थंडीत कसे वागेल याचा अंदाज बांधणाऱ्यांना मी ही हकिकत आवर्जून सांगतो.

मानकातील तापमान ही तग धरण्याची सीमा आहे, आरामात काम करण्याची नव्हे, हे मला अनुभवातून कळले. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलेले असताना, ऐन उन्हाळ्यात एका गॅरेजमधील मेकॅनिकने ‘गाडीने बरेच अंतर कापले आहे, ऊनही कडक आहे, आता घट्ट ऑईल टाका’ असा सल्ला दिला आणि मी २०डब्ल्यू-५० भरून घेतले. उन्हाळा काही तक्रार न होता गेला. पुढच्या हिवाळ्यात उणे पाच अंशांच्या एका पहाटे मी सेल मारला तेव्हा इंजिन एरवीसारखे चटकन न उचलता जड अंगाने दोन-तीन फेरे फिरले, मग सुरू झाले. ऑईलचा लाल दिवा नेहमी लगेच विझे, तो चार-पाच सेकंद तसाच राहिला आणि तेवढा वेळ वरच्या बाजूने टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांचा, कोरडा खडखडाट ऐकू येत होता. कागदावर पाहिले तर उणे पाच हे २०डब्ल्यूच्या सीमेच्या चांगलेच आत होते. पण बिघाड न होणे वेगळे आणि प्रत्येक सकाळी बेअरिंग व कॅम तेवढे सेकंद तेलाविना घासणे वेगळे. त्या आठवड्यातच मी ते ऑईल काढून पुस्तकातली ग्रेड भरली आणि दुसऱ्या दिवसापासून तो आवाज गेला. तेव्हापासून मी एक ठोकताळा पाळतो: आपल्याकडील वर्षातील सर्वांत थंड पहाटेचे तापमान घ्यावे, त्याखाली आणखी किमान दहा अंशांची सवड धरावी आणि जिची पहिली परीक्षा तेवढ्या थंडीत होते अशी ग्रेड निवडावी. म्हणजे पारा उणे दहापर्यंत उतरत असेल तर १५डब्ल्यूवर काठावर निभावते, परंतु १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू घेतले तर मनाला घोर राहत नाही. उणे पंचवीसच्या प्रदेशात ०डब्ल्यूशिवाय दुसरा विचार करू नये.

थंडीत बॅटरीही ऑईलच्या विरोधातच काम करते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. उणे १८ अंशांना शिसे-आम्लाची बॅटरी तिच्या उबदार दिवसातील ताकदीच्या जवळपास निम्मीच ताकद देते. याउलट त्या टप्प्यात तापमान दर पाच अंशांनी उतरले की ऑईलचा दाटपणा ढोबळमानाने दुप्पट होत जातो. ओझे वाढत असताना ओझे उचलणारा थकत चाललेला असतो. हिवाळ्यात गाडी सुरू होत नाही म्हणून बॅटरी बदलून आणणाऱ्या माणसाने एकदा ऑईलच्या डब्यावरचा पहिला आकडाही वाचून पाहावा.

आता उष्ण प्रदेशाकडे वळतो, कारण खरा घोटाळा तेथे होतो. ‘आमच्याकडे थंडीच नाही, मग हिवाळ्याच्या आकड्याशी आमचा काय संबंध’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यावर माझे उत्तर असे आहे की इंजिनाच्या दृष्टीने ४० अंशांची दुपारसुद्धा थंडच असते. इंजिनाची रचना करताना ऑईल १०० अंशांच्या आसपास जितके पातळ असते तितके गृहीत धरलेले असते, आणि ४० अंशांना तेच ऑईल त्याच्या सहापट दाट असते. २०डब्ल्यू-५० असेल तर ४० अंशांना त्याचा दाटपणा दीडशे सेंटिस्टोकच्याही वर असतो. याचा अर्थ जगातील सर्वांत उष्ण गावातसुद्धा सकाळी इंजिन सुरू करताना ऑईल गरजेपेक्षा पातळ नसते, ते गरजेपेक्षा दाटच असते. म्हणून उष्ण हवेत ५डब्ल्यू वापरल्याने काही नुकसान होते ही भीती निराधार आहे. तेथे ५डब्ल्यूची निकड नसते एवढेच खरे; १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यूवर काम उत्तम चालते, आणि त्याचा एक फायदाही आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

मग बाहेरचा उन्हाळा दुसऱ्या आकड्यावर किती परिणाम करतो? पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी परिणाम करतो. बाहेर दहा अंश असोत वा चाळीस, थर्मोस्टॅट कुलंटचे तापमान नव्वदच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑईलही बऱ्याच अंशी त्याच्या मागे चालते. पण ‘बऱ्याच अंशी’ या शब्दांत सगळी गोम आहे. ऑईलच्या तापमानावर थर्मोस्टॅटचा थेट ताबा नसतो. लांबलचक चढ, मागे जोडलेला ट्रेलर, भर उन्हात सतत वेगाने केलेला प्रवास अशा वेळी कुलंटचा काटा जागचा न हलताही ऑईल १२० अंशांच्या वर जाऊ शकते. येथे एक हिशेब मला फार उपयोगी वाटतो: ऑईल शंभर अंशांवरून एकशे दहावर गेले की ४० ग्रेडचे ऑईल जवळजवळ ३० ग्रेडच्या ऑईलइतके पातळ होते. दहा अंशांना एक ग्रेड. तेव्हा प्रश्न बाहेर ऊन किती आहे असा विचारण्याऐवजी माझ्या वापरात ऑईल किती तापते असा विचारावा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची, म्हणजे कित्येक मोटारसायकलींची गोष्ट निराळी आहे. तेथे मध्ये पाणी नसल्यामुळे बाहेरचा उन्हाळा थेट सिलिंडरला आणि ऑईलला जाणवतो, आणि अशा इंजिनांसाठी ४० किंवा ५० ग्रेड सुचवलेली असते ती उगाच नव्हे.

१०० अंशांना ३० ग्रेडच्या ऑईलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. याहूनही महत्त्वाची परीक्षा १५० अंशांना, ऑईल अतिशय वेगाने घासले जात असताना घेतली जाते, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधल्या अरुंद फटीत नेमकी तशीच अवस्था असते. त्या अवस्थेत २० ग्रेडच्या ऑईलने किमान २.६, ३० ग्रेडने २.९ आणि ५डब्ल्यू-४० सारख्या ऑईलने ३.५ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचे दुसरे एक एकक) इतका दाटपणा टिकवावा अशी अट आहे. बेअरिंगला धातूपासून दूर ठेवणारा तेलाचा पडदा याच आकड्यावर तरलेला असतो. एखाद्या इंजिनाच्या पुस्तकात ग्रेडबरोबर एखादे युरोपीय मानक किंवा निर्मात्याचा स्वतःचा मंजुरी क्रमांक दिलेला असेल, तर त्यात बहुतेकदा हा आकडाही बांधलेला असतो. म्हणूनच नुसती ग्रेड जुळवून भागत नाही, तो क्रमांकही डब्याच्या मागच्या बाजूस शोधावा.

एकाच ऑईलमध्ये थंडीतला सैलपणा आणि उष्णतेतला दाटपणा एकत्र आणण्यासाठी त्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळतात. थंडीत या साखळ्या गुंडाळीसारख्या आवळून बसतात आणि ऑईल फारसे अडवत नाहीत; तापल्यावर त्या पसरतात आणि ऑईलला पातळ होण्यापासून काहीसे रोखतात. त्यांची उणीव अशी की गियर आणि बेअरिंगांच्या चिमट्यात सापडून त्या हळूहळू तुटतात, आणि एकदा तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. साहजिकच दोन आकड्यांमधले अंतर जितके मोठे तितका पॉलिमरवरचा भार सामान्यतः अधिक, आणि काही हजार किलोमीटरनंतर ऑईल मूळ ग्रेडखाली घसरण्याची शक्यताही अधिक. मूळ तेल उत्तम सिंथेटिक असेल तर पॉलिमर कमी लागतात, म्हणून महाग ०डब्ल्यू-४० आणि स्वस्त २०डब्ल्यू-५० यांची तुलना केवळ आकड्यांवरून करता येत नाही. तरीही ज्याच्याकडे पारा कधी शून्याखाली जात नाही त्याने, पुस्तकात परवानगी असेल तर, ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-३० घेण्यात शहाणपण आहे. ज्या थंडीची गरजच नाही तिच्यासाठी पॉलिमर कशाला भरायचे? उष्ण प्रदेशातला फायदा म्हणालो तो हाच. ज्या मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गियरबॉक्स एकाच ऑईलवर चालतात तेथे गियरचे दात या साखळ्या फार लवकर कापतात. त्यामुळे त्या ऑईलवर लक्ष ठेवावे आणि क्लच घसरू नये म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे मोटारसायकलींच्या ऑईलसाठीचे जपानी मानक आहे ना ते पाहावे.

मला मेकॅनिकने दिलेला ‘गाडी जुनी झाली की घट्ट ऑईल’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. इंजिन खरोखर ऑईल खात असेल, म्हणजे डिपस्टिकवरची पातळी दर हजार किलोमीटरला नजरेत भरेल इतकी उतरत असेल, तर पुस्तकातील कोष्टकात मान्य असलेल्या मर्यादेत दुसरा आकडा एका पायरीने वाढवणे समजण्यासारखे आहे, आणि तेव्हाही पहिला आकडा हवामानाप्रमाणेच ठेवावा: ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर जावे, २०डब्ल्यू-५० वर उडी मारू नये. दाट ऑईलने दाब वाढलेला दिसतो म्हणून माणूस निश्चिंत होतो, परंतु दाब जास्त म्हणजे ऑईल जास्त पोहोचले असे नव्हे. दाट ऑईलने पंपाच्या पुढे दाब एका मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षा झडप उघडते आणि ऑईलचा काही भाग बेअरिंगकडे न जाता परत संपमध्ये वळवला जातो. शिवाय अलीकडच्या इंजिनांत झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा आणि साखळी ताणून धरणारे टेन्शनर हे ऑईलच्या दाबावर चालणारे भाग असतात. त्यांच्या बारीक वाटा ठरावीक पातळपणा धरूनच आखलेल्या असतात.

उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. इंधन वाचवण्यासाठी ग्रेड खाली येत गेल्या. १६ ही ग्रेड मानकात २०१३ मध्ये आली, आणि ८ व १२ या २०१५ मध्ये. या ग्रेडची ऑईल उत्तम आहेत, पण ज्या इंजिनांची बेअरिंग, पंप आणि पृष्ठभागांची घडण त्यांच्यासाठी केलेली आहे त्यांच्यासाठीच. ४० ग्रेडवर आयुष्य काढलेल्या डिझेल इंजिनात थोडे मायलेज मिळावे म्हणून ०डब्ल्यू-१६ ओतणे मला अजिबात पटत नाही.

थंड प्रदेशात रोज चार-पाच किलोमीटर गाडी चालवून बंद करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कुलंटचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑईल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ते पुरते तापायच्या आत इंजिन बंद होत राहिले की न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी ऑईलमध्ये साठत जाते. पेट्रोलमुळे ऑईल पातळ होते, ३० चे २० झाल्याचे कोणाला कळतही नाही, आणि पाण्यामुळे तोंडाच्या झाकणाखाली दुधाळ थर बसतो. कधी कधी डिपस्टिकवरची पातळी भरणा न करता वाढलेली दिसते, ती याचमुळे. येथे ग्रेड बदलून उपयोग नाही. ऑईल लवकर बदलावे आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवावी.

राहता राहिला प्रश्न वर ओतण्याचा. प्रवासात ऑईल कमी पडले आणि नेमकी ग्रेड मिळाली नाही, तर त्याच प्रकारच्या इंजिनासाठी असलेले शेजारच्या ग्रेडचे अर्धा लिटर ऑईल घालावे. इंजिन ऑईल एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात आणि कमी ऑईलवर चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. मात्र असे मिश्रण झाले की त्याचा पहिला आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून मी ऑईल बदलल्याची तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि वरून काय किती घातले हे गाडीच्या पुस्तकात, जेथे तापमानाचे कोष्टक छापलेले आहे त्याच पानाच्या समासात, पेन्सिलीने लिहून ठेवतो. आणि थंड प्रदेशात जायचे ठरले की आधी ते पान उघडून, मिश्रण झालेले असेल तर निघण्यापूर्वीच ऑईल बदलून घेतो.